वाढत्या मुलांचा कोपरा

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. इ. स. १६०८ मध्यें समर्थ रामदासांचा जन्म तेथें झाला. त्यांच्या बालपणाची एक कथा परंपरेनें घरोघर सांगितली जाते. लहानगा नारायण एके दिवशीं घरांत कोठें दिसेना. शोधाशोध झाली, तेव्हां अडगळीच्या अंधाऱ्या खोलींत तो एकटाच बसलेला आईला सांपडला. येथें काय करतोस, असें तिनें विचारलें. आपण विश्वाची काळजी करीत आहोंत, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. ह्या कथेंतला परमार्थ कीर्तनकार सांगतातच. परंतु संसारी माणसानें ध्यानांत घ्यावी अशीही एक साधी गोष्ट तिच्यांत आहे. भरल्या घरांतल्या मुलालाही एकटें बसावेंसें वाटतें, आणि दुसरी जागा नसली तर तो अडगळीची खोलीसुद्धां आनंदानें पत्करतो.

तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा काळ हा असाच आहे. मुलाचा आवाज फुटतो, मुलीला आपल्याच शरीराचा संकोच वाटूं लागतो. हायस्कुलांत सारा दिवस घंटेच्या तालावर आणि चारचौघांच्या नजरेखालीं जातो. गुरुजींचा एखादा कठोर शब्द, सोबत्यांची थट्टा, गणितांत कमी पडलेले गुण, मैत्रिणीनें धरलेला अबोला, हें सारें दप्तराबरोबरच घरीं येतें. दप्तर खुंटीला अडकवितां येतें; मनावरचें ओझें कोठें उतरवावें? युरोप-अमेरिकेंतील सुखवस्तु घरांत मुलांना वेगळी खोली असते आणि तिच्या भिंतीवर त्यांच्या आवडीचीं चित्रें असतात. आपल्याकडील घरांनीं ह्या प्रश्नाचें काय उत्तर दिलें आहे?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली, आणि दर पांचांपैकीं चार माणसें खेड्यांत राहणारीं निघालीं. ओसरी, मधलें घर, चूल आणि वर माळवद, अशी येथील जुन्या घरांची मांडणी. आतां माळवदाच्या जागीं पत्रे किंवा सिमेंटचा स्लॅब आला आहे. तरी एकाच खोलींत सारें कुटुंब निजतें अशीं घरें थोडीं नाहींत. अशा घरांतही मुलें आपली जागा शोधून काढतात. भिंतींतला एक कोनाडा, कुलूप नसलेली पत्र्याची पेटी, उन्हाळ्याच्या रात्रीं माळवदावरचें अंथरूण, हीच त्यांची खोली. दहावीची परीक्षा जवळ आली कीं देवळाच्या सभामंडपांत मुलें वह्या घेऊन बसतात. पण तेथें बसलेले बहुधा मुलगेच असतात. मुलग्याला बाहेरचें गांव मोकळें आहे. मुलीचा कोपरा घरांतच असावा लागतो, आणि घरांत तो नसेल तर कोठेंच नसतो.

तरुण मनाच्या कोपऱ्यांत हात घातला म्हणजे काय होतें, तें ह्या मुलखानें पूर्वीं पाहिलें आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. वरचें शिक्षण उर्दूंतून चाले. पुष्कळ मराठी मुलांची भाषा शाळेच्या दाराशींच थांबे. १९३८ सालीं औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनीं संप केला, तें लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोंचलें, आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना पुढें नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. वर्गांतली परकी भाषा त्या मुलांनीं वर्षानुवर्षें सोसली होती. स्वतःच्या प्रार्थनेवरची बंदी मात्र त्यांना सोसली नाहीं. राज्याची गोष्ट मोठी आणि घराची लहान. पण तरुण मनाचा धर्म दोन्हीकडे एकच.

आज ह्या जिल्ह्यांत कोंडी आहे ती निराळ्या प्रकारची. दिवाळी सरली कीं अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, आणि पुढील कित्येक महिने त्या जोडीचें घर म्हणजे फडाजवळची एक कोपी. आठवी-नववींतली मुलगी बरोबर गेली, तर तिची शाळा सुटते आणि धाकट्या भावंडांना संभाळण्याचें काम गळ्यांत पडतें. मागें राहिली, तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहते. वाढत्या मुलीला मागें कशी ठेवावी, ह्या धास्तीनें कित्येक आईबाप तिचें लग्नच उरकून टाकतात. मुलीचें वय अठरा पुरें झाल्यावांचून लग्न करूं नये असा कायदा असूनही मराठवाड्यांत असे विवाह घडतात. त्या दिवसापासून तिची वही, तिचा कोनाडा आणि तिचें बालपण हीं तिन्ही एकदमच संपतात. म्हणून मुलीचा कोपरा हा चैनीचा प्रश्न नव्हे. ‘ह्या घरांत तुझी जागा आहे, आणि शिक्षण पुरें होईपर्यंत ती तुझीच राहील,’ हें आश्वासन त्या कोपऱ्यांत असतें.

थोड्या जागेचेंही मोल केवढें असतें, तें हॉलंडमधील एका मुलीनें जगाला दाखविलें. १२ जून १९४२ रोजीं, तेराव्या वाढदिवशीं, ॲन फ्रँक ह्या ज्यू मुलीला एक रोजनिशी मिळाली. पुढच्याच महिन्यांत नाझींच्या भयानें तिचें कुटुंब ॲम्स्टरडॅममध्यें एका गुप्त जागेंत लपलें. तेथें तिच्या लहानशा खोलींत एक प्रौढ दंतवैद्यही राहावयास आले. खोलींतलें टेबल आठवड्यांतून दोन दुपारीं दीड दीड तास आपल्याला मिळावें, म्हणून तिला त्यांच्याशीं वाद करावा लागला, आणि अखेर वडिलांना मध्यें पडावें लागलें. १९४५ च्या प्रारंभीं छळछावणींत तिचा अंत झाला. १९४७ मध्यें प्रसिद्ध झालेली तिची रोजनिशी अजून वाचली जाते.

मुलांना एकांत दिला तर तीं बिघडतील, असें कित्येक वडीलधाऱ्यांना वाटतें. हातांत मोबाईल आल्यापासून ही भीति वाढली आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां अभ्यासच त्या यंत्रावर आला, आणि एका मोबाईलवर तीन भावंडांनीं शिकावें अशी पाळी कित्येक घरांवर आली. भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु मोबाईल हातीं असला कीं कोपऱ्यांत बसलेला मुलगाही खरा एकटा नसतो. सारा बाजार त्याच्याजवळ येऊन बसलेला असतो. त्यासाठीं वेळेची मर्यादा घालावी, आणि ती मोठ्यांनींही पाळावी. मात्र तेवढ्यासाठीं मुलीची वही चोरून वाचणें किंवा मुलाची पेटी उपसणें योग्य नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारांत, सोळाव्या कलमानें, मुलाच्या खाजगी जीवनांत आणि पत्रव्यवहारांत मनमानी ढवळाढवळ होऊं नये असें म्हटलें आहे. भारतानें हा करार १९९२ मध्यें स्वीकारला. ज्याची वही एकदां चोरून वाचली गेली, तो मनांतलें पुन्हां वहींत लिहीत नाहीं आणि आईलाही सांगत नाहीं.

एकांत आणि एकटेपणा ह्यांतला भेद मात्र ओळखला पाहिजे. तासाभरानें मूल आपण होऊन बाहेर आलें, जेवलें, भावंडांशीं भांडलें, तर काळजीचें कारण नाहीं. परंतु तें दिवसचे दिवस जेवणाला येईना, सोबत्यांना भेटेना, शाळेचें नांव काढतांच गप्प होऊं लागलें, तर तो कोपरा विसाव्याचा राहिला नाहीं असें समजावें. अशा वेळीं दरडावूं नये. जवळ जाऊन बसावें, गुरुजींना भेटावें, आणि जरूर तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रत्येक घराला नवी खोली बांधतां येणार नाहीं. पण एक कोनाडा, एक पेटी, आणि रोज दिवेलागणीनंतरचा एक तास, एवढें कोणत्याही घराला देतां येईल. त्या तासांत मुलीला पाणी आणावयास सांगूं नये, मुलाला दुकानावर पाठवूं नये, दूरदर्शनचा आवाज कमी ठेवावा, आणि पेटीला हात लावण्यापूर्वीं विचारावें. ह्याला पैसा लागत नाहीं. मोठ्यांचा थोडा संयम मात्र लागतो.