रोख रकमेसाठीं शिपाईगिरी पत्करावी काय?

(शेंद्रा येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें गांवच्या शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आम्ही कांहीं मोठे वक्ते नव्हे. पोरांना पाढे शिकविणें हा आमचा धंदा. तेव्हां आज तुमच्यापुढेंही थोडे पाढेच म्हणणार आहों. कंटाळा करूं नका, कारण हे पाढे तुमच्याच पोटच्या पोरांच्या आयुष्याचे आहेत.

मागल्या आठवड्यांत एक पालक सैन्यभरतीचे कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलगा साडेसतरा वर्षांचा. अठरा पुरीं नसलीं म्हणजे आईबापाची सही लागते. ते म्हणाले, “गुरुजी, चार वर्षांनीं पोराच्या हातीं पावणेबारा लाख रोख येतात म्हणे. थोरलीचें लग्न उरकेल, देणें फिटेल. करूं ना सही?” हा प्रश्न एका घरचा नाहीं. पहाटे जालना रोडच्या कडेनें जीं पोरें धांवतात, त्यांच्या प्रत्येकाच्या घरांत तो आहे. म्हणून त्याचा विचार चारचौघांत व्हावा, असें आम्हांस वाटलें.

प्रथम ही रक्कम येते कोठून तें पाहूं. सरकारनें 14 जून 2022 रोजीं अग्निपथ योजना जाहीर केली. तीप्रमाणें अग्निवीराचा पगार पहिल्या वर्षीं महिना 30,000, मग 33,000, मग 36,500 व चौथ्या वर्षीं 40,000 रुपये. पण यांतले शेंकडा 30 दरमहा कापून सेवा निधींत जातात. म्हणजे पहिल्या वर्षीं हातांत पडतात 21,000 आणि चौथ्या वर्षीं 28,000. चार वर्षांची ही कपात होते 5 लाख 2 हजार. सरकार तितकीच भर घालतें. त्यावर व्याज धरून अदमासें 11 लाख 71 हजार होतात.

आतां सांगा, हें बक्षीस झालें काय? यांतला निम्मा पैसा पोराच्या घामाचा, त्याच्याच पगारांतून कापलेला. स्वतःच्या पेवांतलें धान्य बाहेर काढून कोणी आपणांस दान केलें असें म्हणूं लागलों, तर लोक हंसतील.

दुसरी गोष्ट याहून मोठी. चार वर्षांनीं तुकडींतले फार तर शेंकडा 25 कायम सैन्यांत घेण्याचें योजनेंत ठरलें. ते पुढें किमान पंधरा वर्षें नोकरी करतात व पेन्शनीस लायक होतात. परंतु जो कायम झाला, त्याला सेवा निधींतून फक्त स्वतःची कपात व तिचें व्याज मिळतें; सरकारची भर मिळत नाहीं. म्हणजे पावणेबारा लाख हे जाणाऱ्याचे आहेत, राहणाऱ्याचे नव्हेत. आणि राहावयाचें कीं जावयाचें, हें पोरानें ठरवावयाचें नसून सैन्यानें ठरवावयाचें आहे. जो गेला त्याला ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी.

बरें, ती रक्कम घेऊन पोरगा बाविसाव्या वर्षीं घरीं आला. शेंकडा 6 व्याज धरलें तर पावणेबारा लाखांचे वर्षाला सत्तर हजार, महिन्याला सहा हजारही पुरते नाहींत. काल 28,000 आणणारा हात आज सहा हजारांवर आला. म्हणून सही करणाऱ्यानें बारा लाखांकडे पाहूं नये. तेवीस ते साठ हीं सदतीस वर्षें पोरगा काय खाणार, तिकडे पाहावें.

मोठी रक्कम एकदम हातीं येते तेव्हां काय होतें, हें शेंद्रेकरांस आम्हीं शिकवावयास नको. कारखान्यांसाठीं आपल्या जमिनी गेल्या, मावेजा आला. ज्यांनीं दुसरीकडे जमीन घेतली, बँकेंत ठेव ठेवली, लेकरांच्या शिक्षणाला पैसा लावला, त्यांचीं घरें उभीं आहेत. ज्यांनीं दारांत गाडी उभी केली व पांच गांवांस जेवण घातलें, त्यांचीं पोरें जेथें बापाचें शेत होतें तेथेंच आज ठेकेदाराच्या हाताखालीं राबतात. जमीन गेली ती गेली. आतां दुसरा मावेजा येऊं घातला आहे, आणि या खेपेस विकावयास निघालीं आहेत पोराचीं उमेदीचीं वर्षें.

रोख दाखवून भरती करणें हा प्रकार नवा नाहीं. पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां 1917 सालीं इंग्रज सरकारनेंही भरती होणारास रोख बक्षीस लावलें होतें. शिपायाचा मूळ पगार तेव्हां महिना 11 रुपये. ज्या महारांना सैन्याचीं दारें 1890 च्या सुमारास बंद केलीं होतीं, त्यांची 111 वी पलटण त्याच 1917 सालीं उभारली गेली आणि लढाईची गरज सरतांच 1921 सालीं मोडली गेली. तींही वर्षें चारच! पुढें महार रेजिमेंट उभी राहावयास 1941 साल उजाडावें लागलें.

आणि त्यापूर्वीं 1910 सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं सरकारकडे अर्ज केला, त्यांत मागितलें काय? रोख रक्कम नव्हे. सैन्याचीं व सरकारी नोकरीचीं दारें उघडा, हें मागितलें. कारण सैन्याची नोकरी म्हणजे लिहिणें-वाचणें, मान आणि म्हातारपणीं पेन्शन, हें त्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेंत मास्तर होते व पेन्शन घेऊन निघाले. त्यांच्याच घरांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकून पुढें आले. शिपाईगिरीनें आमचीं घरें वर आणलीं हें खरें. पण तीं वर आणलीं विद्येनें आणि कायमच्या आधारानें, थैलीनें नव्हे.

कोणी म्हणेल, मास्तर सैन्याविरुद्ध बोलतात. तसें मुळींच नाहीं. ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोरास महिन्याला नऊ हजार कोण बाजूला टाकूं देतो? सैन्यांत तो शिस्त शिकतो, देश पाहतो, हातीं कांहीं साठतें. केंद्रीय पोलिस दलांत माजी अग्निवीरांसाठीं राखीव जागाही जाहीर झाल्या आहेत. हें सारें जमेच्या बाजूस मांडा.

पण खर्चाच्या बाजूस जीवही मांडावा लागतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतला एक अग्निवीर ऑक्टोबर 2023 मध्यें सियाचीनवर कामगिरींत असतां गेला. अशा घरास 48 लाखांचा विमा, 44 लाखांचें सानुग्रह साहाय्य व राहिलेल्या काळाचा पगार मिळतो. मात्र कायम शिपायाच्या घरच्यांस मिळतें तसें दरमहाचें कुटुंबपेन्शन मिळत नाहीं. ज्याला ही नोकरी मनापासून हवी आहे, तो हा धोका ओळखून छातीवर घेतो. बहिणीच्या लग्नासाठीं त्याला तिकडे ढकलण्याचा हक्क आपणांस नाहीं.

तेव्हां आमचें उत्तर असें. केवळ रोख रकमेसाठीं सही करूं नका. पोराला शिपाईच व्हावयाचें असेल, तर मात्र अडवूं नका. पण त्याला बारावी होऊन जाऊं द्या. जातांना त्याला बजावा कीं, तेथें मोटारीचें, विजेचें, जें काम हातीं येईल तें नीट शिक व प्रमाणपत्र घेतल्यावांचून परत येऊं नकोस. सुताराच्या, लोहाराच्या पोराचा हात चार वर्षें घरच्या हत्यारापासून दूर राहणार, त्याला तर हें दुपटीनें लागू. न आलेल्या पैशावर कर्ज काढूं नका, लग्नाची तारीख धरूं नका. रक्कम आली तर तिच्यांतून काय उभें करावयाचें, जमीन, अवजार, दुकान कीं पुढचें शिक्षण, हें आजच कागदावर लिहून ठेवा.

त्या पालकांस आम्हीं एकच विचारलें, “पोराला विचारलेंत काय?” ते गप्प राहिले. मग म्हणाले, “नाहीं गुरुजी, विचारलें नाहीं.” कागद तसेच घेऊन ते घरीं गेले. रविवारीं बापलेक दोघे आमच्याकडे येणार आहेत. त्यांच्यासारखे आणखी कोणी असतील त्यांनींही यावें. हिशेबाला पाटी-पेन्सिल आमची. पण येतांना पोराला बरोबर आणा.