कॅमेरा घेऊन मावळखोऱ्यांत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘प्रवास’ एवढेच कळवले होते. त्यावर त्यांचा उलट प्रश्न आला, ‘कोणत्या देशाचा?’ प्रवास म्हटला की तो परदेशाचाच असणार, ही समजूत आता इतकी पक्की झाली आहे की, आपल्या कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळणारी एस. टी. हीसुद्धा माणसाला कोठेतरी लांब नेते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आम्ही ज्या मुलखाची हकीकत सांगणार आहोत तो मुलूख याच फाट्याच्या मावळतीला आहे. वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ ही नावे आपल्याला बखरींतून ठाऊक असतात. बखरीतले गाव आजही नांदते आहे, तेथे कोणी तरी आज सकाळी चूल पेटवली आहे, एवढे मात्र आपण विसरून जातो.

नकाशावर बोट ठेवले तर अंतर वीतभर नाही. पण नकाशा पाऊस दाखवीत नाही आणि चढही दाखवीत नाही. भाटघरचे पाणी खोऱ्याखोऱ्यांत हात पसरून बसलेले आहे. समोरच्या तीरावरच्या घरातले बोलणे ऐकू येते, आणि त्या घरी जायचे तर होडी तरी मिळाली पाहिजे, नाहीतर पाण्याला मोठा वळसा तरी घातला पाहिजे. वेल्ह्याच्या पुढे केळदला जावे, तर मढे घाटाच्या तोंडाशी जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण उघडे पडते. रायरेश्वराची तर गोष्टच निराळी. शिवरायांच्या शपथेची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. त्या पठारावर जंगमांची वस्ती आहे, ती शेती करते, गुरे पाळते, हे मात्र थोड्यांना माहीत असते. चोहोबाजूंना तुटलेले कडे, वर जायला लोखंडी शिडी. आजारी माणूस त्या शिडीने खाली आणायचा म्हणजे काय, याचा विचार शिडीशी उभे राहूनच करावा. समुद्र नाही एवढेच. एरवी ते बेटच आहे.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन हिंडणे हा आमचा बरेच वर्षांचा छंद. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरते. फिल्म वापरीत होतो तेव्हा भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवीत असू, म्हणजे दमटपणा तांदूळ शोषून घेई. तरी एखाद्या भिंगाला बुरशी लागायचीच. उजेडाचे गणितही येथे वेगळे. तोरण्याच्या सावलीतल्या वाडीला सूर्य उशिरा भेटतो आणि लवकर सोडून जातो. घरांत खिडकी लहान, भिंती चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या. आत फोटो काढायचा तर माणसाला दोन-तीन सेकंद श्वास धरून बसवावे लागे. पण त्याच घराच्या उंबऱ्यावर, वर पडवीचे छप्पर आणि समोर खळ्याची सारवलेली जमीन अशा जागी, जो मऊ उजेड पडतो तो शहरातल्या कोणत्याही स्टुडिओत पैसे मोजून मिळणार नाही. आम्ही माणसे नेहमी उंबऱ्यावरच बसवीत आलो.

आता कोणी म्हणेल, या मुलखाची छायाचित्रे काय थोडी आहेत? राजगडाची संजीवनी माची, सुवेळा माचीचे नेढे, तोरण्याची बुधला माची यांची चित्रे घराघरांतल्या दिनदर्शिकांवर आहेत. खरे आहे. आणि त्यांतली कित्येक फार मोलाची आहेत. कै. गो. नी. दांडेकरांनी खांद्याला कॅमेरा लावून उभ्या आयुष्यभर गड पालथे घातले. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ पाहताना, ढासळण्याआधीचा बुरूज कसा होता हे कळते आणि मन भरून येते. गडाखालच्या माणसांवर त्या गृहस्थाने किती जीव लावला हे त्यांच्या कादंबऱ्या सांगतात. पण त्यांच्यामागून जी कॅमेरेवाल्यांची रीघ लागली तिने गड तेवढा उचलला. शनिवारी रात्री यायचे, गुंजवण्याला किंवा पाल्याला कोणाच्या तरी घरी पिठले-भाकरी खायची, पहाटे वर जायचे आणि सूर्योदयाचे चित्र घेऊन परतायचे. ज्या माउलीने ती भाकरी थापली तिचे चित्र शंभरांत एकाच्या पेटीत सापडले तर नशीब!

हे आजचेच आहे असेही नाही. मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ 1854 साली निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड त्याच्या सभासदांत होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतःच निष्णात छायाचित्रकार. त्या काळी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पुष्कळ चित्रे निघाली. पण चित्राखाली काय लिहिलेले असे? तर जात किंवा धंदा. ‘मराठा’, ‘कोळी’, ‘पाणक्या’. त्या पाणक्याला आईबापांनी काही नाव ठेवले असेल, याची चौकशी करायची रीत नव्हती. फुलपाखरू टाचणीने टोचून खाली जातीचे नाव लिहावे, तसा तो प्रकार.

याच्या उलट एक उदाहरण दूरच्या मुलखातले आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीझ नावाची बेटे आहेत. झोडपणारा वारा, दगडी भिंतींची गवताने शाकारलेली घरे, थोडी शेती, थोडी मेंढरे, आणि तरणीताठी मुले पोटासाठी शहरात. वर्णन ऐकून आपल्याला ओळखीचे वाटेल. पॉल स्ट्रँड हा अमेरिकन छायाचित्रकार 1954 साली त्यांपैकी साउथ यूइस्ट या बेटावर काही महिने जाऊन राहिला. पुढे 1962 मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यात समुद्र आहे, घोडे आहेत, खिडक्या आहेत. आणि माणसे आहेत ती आपापल्या नावानिशी. भिंतीला टेकून उभी राहिलेली, थेट आपल्याकडे पाहणारी. बेटावर क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचा तळ उभारायचे सरकारच्या मनात आले ते त्याच सुमारास. तळ झाला, आजही आहे. पण त्याच्या आधीचे चेहरे राहिले.

त्याच समुद्रात आणखी पश्चिमेला सेंट किल्डा आहे. तेथली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या कड्यांवरचे पक्षी धरून जगत होती. शेवटी रोगराई आणि एकटेपणा असह्य होऊन उरलेल्या 36 माणसांनी स्वतःच सरकारला अर्ज केला, आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी त्यांना आगबोटीने बेटावरून हलवण्यात आले. निघताना त्यांनी घराघरांत बायबल उघडे ठेवले, शेजारी मूठमूठ धान्य ठेवले. हे सगळे आज आपल्याला इतके बारकाईने का ठाऊक आहे? कारण पन्नास वर्षे आधीपासून तेथे कॅमेरे जात होते आणि शेवटच्या दिवसांतही ते हजर होते.

आता भाटघरला या. वेळवंडी नदीवरचे ते मोठे धरण 1928 साली पुरे झाले, म्हणजे सेंट किल्डा उठण्याच्या दोनच वर्षे आधी. गव्हर्नरसाहेबांच्या नावाने त्याला लॉईड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसच्या माळावर ऊस उभा केला तो या पाण्यावर. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. तेवढे शहाणपण आम्हाला आहे. पण धरणाच्या भिंतीची, दरवाजांची, साहेबांच्या समारंभाची चित्रे निघाली, आणि ज्यांची शिवारे, देवळे, वाड्या पाण्याखाली गेल्या त्यांचे काय? आम्ही काठाकाठाने घरोघर विचारीत फिरलो. ‘आमच्या आज्याचं घर हितं हुतं’ असे सांगून पाण्याकडे बोट दाखवणारी माणसे पुष्कळ भेटली. घराचे चित्र एकाकडेही नव्हते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटते, कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ गाळातून वर येते, आणि आजूबाजूला दगडी जोती दिसू लागतात. तेव्हा म्हातारी माणसे तेथे जाऊन, कोणते जोते कोणाचे, हे नातवंडांना सांगतात. ज्याला सांगणारा उरला नाही ते जोते नुसतेच दगड.

आणि हे संपलेले नाही. अलीकडच्या काळात नीरा-देवघर झाले, गुंजवणीचे धरण झाले. गावे उठली, कोठे कोठे वसवली गेली. त्या वेळी कॅमेरा काही दुर्मिळ वस्तू नव्हती. तरी जे दिसते ते तेच. मोजणीचे नकाशे आहेत, पंचनाम्याचे कागद आहेत. घरे फार थोड्यांची आहेत.

छायाचित्र कोणाचे, हा प्रश्न आम्हाला शिकवला तो वेळवंड खोऱ्यातल्या एका आजीने. आषाढाचे दिवस, भातलावणी चाललेली. डोक्यावर इरले, गुडघाभर चिखलात पाय, हातात आवणाची जुडी, मागे ढग उतरलेला डोंगर. आम्ही कॅमेरा उचलला तशी ती ओरडली, “आरं थांब लेकरा! अशी चिखलातली नगं काढूस.” ती बांधावर आली, पाय धुतले, घरी गेली आणि पेटीतले लुगडे नेसून, कपाळभर कुंकवाच्या जागी बुक्का लावून उंबऱ्यात उभी राहिली. ताठ, हात दोन्ही बाजूंना सरळ. म्हणाली, “आता काढ. पायासकट येऊ दे.” आम्ही विचारले, “आजी, कशाला हवा असा?” तर म्हणे, “माझ्या दिसाला ठेवाया. म्हातारा गेला तवा घरात त्याचा फोटू न्हवता. रेशनच्या कार्डावरचा मोठा करून आणला पोरानं. त्यात निम्मा शिक्काच हाय.”

चित्रकलेच्या दृष्टीने चिखलातले चित्र सरस, यात शंका नाही. प्रदर्शनात तेच लागले असते. परंतु त्या चित्राची गरज आम्हाला होती. तिला दुसऱ्याची होती. तिच्या ‘दिसाला’ लोक तिच्यासमोर हात जोडणार, तेव्हा ती राबणारी बाई म्हणून नव्हे तर घरची कर्ती म्हणून त्यांच्याकडे पाहणार होती. तेव्हापासून आमचा रिवाज ठरला: आधी त्यांच्या मनासारखे चित्र, मग त्यांची परवानगी असेल तर आमच्या मनासारखे. त्यांचे चित्र कागदावर छापून, चौकटीत बसवून, पुढच्या खेपेस हातात द्यायचे. आजी जाता जाता आणखी एक बोलली, ते आम्ही आपल्या व्यवसायबंधूंना मुद्दाम सांगतो: “आतापातूर लई जनांनी काढलं. म्हनले धाडतो. कुनी धाडलं न्हाई.”

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिचे चित्र घेऊन गेलो. दोन्ही हातांनी घेतले, बराच वेळ पाहिले, आणि “पाय आल्यात” एवढेच म्हणाली.

आता मोबाइल घरोघर पोचला आहे, मग या खटाटोपाचे कारण काय, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांनी मुंबईला गेलेल्या मुलाच्या मोबाइलमधली आईची चित्रे आई गेल्यावर शोधून पाहावीत. मोबाइल बदललेला असतो, पाण्यात पडलेला असतो, नाहीतर हजार चित्रांच्या गर्दीत ती एक हरवलेली असते. भिंतीवरच्या चौकटीला चार्जिंग लागत नाही. ओल मात्र लागते. म्हणून चौकट पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये, आणि मागे कागदी पुठ्ठ्याऐवजी जाड प्लॅस्टिक घालावे, एवढी व्यवहारातली सूचना देऊन ठेवतो.

आपल्या कापूरहोळची धाराऊ शंभूराजांची दूधआई झाली, तिचे नाव इतिहासात राहिले. चेहरा राहायचा संभवच नव्हता, कॅमेरा जगात यायला अजून दीडशेहून अधिक वर्षे होती. आमच्या पिढीला ती सबब नाही.

आता दिवे मालवले की पडद्यावर चित्रे येतील. पहिली वीस-पंचवीस आमची आहेत. त्यानंतरची आमची नव्हेत. भोरातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यातल्या निगेटिव्हांच्या पेट्या भंगारात निघाल्या होत्या, त्या आम्ही उचलून आणल्या. रंगवलेल्या पडद्यासमोर बसलेली जोडपी आहेत, मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव आहे, टोपीवाला एक शाळामास्तर आहे, बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलेली एक बाई आहे. प्रत्येक निगेटिव्हवर नंबर आहे. ज्या वहीत नंबरापुढे नावे होती ती वाळवीने खाल्ली. ही मंडळी याच खोऱ्यांतून आली असणार. दाराशी आमचे स्नेही वही-पेन्सिल घेऊन बसले आहेत. कोणाला आपला आजा, चुलता, आत्या ओळखू आली तर बाहेर पडताना त्यांना नंबर आणि नाव सांगावे. चित्राची एक प्रत आपल्या घरी पोचती करू. मास्तरांचा नंबर 214 आहे, तो जरा नीट पाहा.