ओठांवरील तापाचे फोड : उपचार आणि दक्षता

(मंडळाच्या ऐरोली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती यांवर बोलावे. ओठांवरच्या फोडांचे ते काय एवढे? परंतु या विकाराविषयी घरोघरी दोन समजुती आहेत. कोणी तो लज्जास्पद मानतो, तर कोणी अगदीच क्षुल्लक. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ज्याला फोड आले त्याने लाजण्याचे कारण नाही. मात्र तान्ह्या बाळाच्या बाबतीत हाच विकार प्राणावर बेतू शकतो. एवढे आपल्या मनावर ठसले तर माझे बोलणे सार्थकी लागेल. मी वैद्य नव्हे, निवृत्त शिक्षक आहे. म्हणून जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगतो.

हे फोड झुरळ चाटल्याने किंवा अंगावरून कोळी गेल्याने येत नाहीत. ‘हर्पीस सिंप्लेक्स’ नावाच्या विषाणूमुळे ते येतात. ‘हर्पीस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला असून आपल्या ‘सर्प’ शब्दाशी त्याचे नाते आहे. आपण ज्याला नागीण म्हणतो तो मात्र वेगळा विकार; तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. तोंड येणे हाही निराळाच प्रकार असून तो संसर्गजन्य नाही.

हा विषाणू बहुधा बालपणीच, घरातल्या कोणाच्या तरी मुक्यातून किंवा लाळेतून शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी जन्मभर दबा धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे 64 टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. मग कोणी कोणाला नावे ठेवावीत?

दबलेला हा विषाणू ताप, सर्दी, जागरण, अतिश्रम, मनस्ताप, मासिक पाळी आणि प्रखर ऊन यांच्या निमित्ताने डोके वर काढतो. आपले वाडवडील ठाण्याच्या खाडीत होड्या घालीत, मिठागरांत राबत. वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप. आज त्यांची नातवंडे ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत रात्रपाळी करतात. उन्हाची जागा जागरणाने घेतली, इतकाच फरक. परीक्षेच्या दिवसांत ओठ सुजलेली मुले मी वर्गात पुष्कळ पाहिली. एखादी मुलगी तोंडाला रुमाल लावून बसे आणि इतर मुले खुसखुस हसत. त्या हसण्यामागे केवळ अज्ञान होते.

आता उपचाराकडे वळू. प्रथम ओठाच्या कडेला चुणचुण होते, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो फुटून खपली धरते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत जागा भरून येते. औषधाचा खरा उपयोग चुणचुणीच्या वेळी, पहिल्याच दिवशी होतो. ‘असायक्लोव्हिर’ हे यावरचे प्रसिद्ध औषध. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले त्या गर्ट्रूड एलियन या विदुषींना 1988 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचे मलम थोडाच लाभ देते. त्रास तीव्र असेल तर गोळ्या अधिक उपयुक्त, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास तसे आवर्जून सांगावे. वर्षातून सहा-सहा वेळा फोड येत असतील तर डॉक्टर काही महिने रोज गोळी देऊन त्यांना आळा घालू शकतात. विषाणू समूळ घालविणारे औषध मात्र अद्याप नाही.

घरी थंड पाण्याची घडी ठेवावी, व्हॅसलिन लावावे, तिखट-खारट टाळावे. चुना किंवा दातांची पेस्ट लावू नये, कातडी भाजते. गजकर्णासाठी आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे तर मुळीच लावू नयेत. खपली खरवडू नये. ज्यांना उन्हाने त्रास होतो त्यांनी टोपी किंवा पदर घ्यावा आणि ओठांना ऊनरोधक मलम लावावे. फोड असताना पेला, टॉवेल, वस्तरा, ओठांची लाली वेगळी ठेवावी. फोडाला हात लागल्यास साबणाने धुवावा. तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते.

डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा इसब असलेल्या मुलाच्या अंगावर फोड पसरले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनीही थांबू नये. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा. तंबाखू खाणाऱ्याने तर अवश्य, कारण तो कर्करोगही असू शकतो. आपल्या ऐरोलीतच महानगरपालिकेचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. दूर जाण्याची सबब कोणाला नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पाचवीला, बारशाला आपल्याकडे घर माणसांनी भरते आणि बाळ या हातातून त्या हातात जाते. प्रेमाने प्रत्येक जण मुका घेतो. पहिल्या चार आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू जडला तर तो यकृत आणि मेंदू गाठतो. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, त्याला ताप, झटके किंवा फोड आले, तर क्षणाचाही विलंब लावू नये. आईच्या ओठावर फोड असला तरी तिने स्तनपान थांबवू नये. स्तनावर फोड नसावा, हात धुवावेत, तोंड झाकावे आणि मुका टाळावा.

म्हणून माझी विनंती आहे की, ज्याच्या ओठावर फोड आहे त्याने बारशाला जरूर यावे, सर्वांमध्ये बसावे, जेवावे. मात्र बाळाला दुरूनच आशीर्वाद द्यावा. घरच्या वडीलधाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे सुनेला संकोच पडणार नाही आणि पाहुण्यालाही अपमान वाटणार नाही. तान्ह्या जिवाला जपणे हा सर्वांत मोठा मानपान होय.