वडिलांची मोटार

मोटार ही चैनीची वस्तु कीं गरजेची, हा वाद मोठ्या शहरांत अजूनही रंगूं शकतो. कारण तेथें हांकेच्या अंतरावर रिक्षा मिळते आणि दर कांहीं मिनिटांनीं लोकलगाडी येते. भंडारा जिल्ह्यांत हा वाद फार वेळ टिकत नाहीं. वैनगंगेच्या कांठचें भंडारा शहर मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे खरें. परंतु भंडारा रोड हें रेल्वेस्टेशन शहरांत नसून वरठीस आहे. नागपूर सुमारें ६० किलोमीटरांवर. धानाचें शेत एका गांवीं, बँक दुसऱ्या गांवीं, लेकीचें सासर तुमसरला किंवा पवनीला, आणि मज्जाविकाराचा तज्ज्ञ गांठावयाचा तर बहुधा नागपूरच. अशा ठिकाणीं ज्या गृहस्थानें आयुष्यभर स्वतःची गाडी स्वतः हांकली, त्याच्या दृष्टीनें मोटारीची किल्ली ही केवळ किल्ली नसते. कोणास न विचारतां घराबाहेर पडण्याचा तो त्याचा अधिकार असतो.

उदाहरणादाखल असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. वडील निवृत्त शिक्षक, वय पासष्टाच्या पुढें, आई घरीं, मुलगा पुण्यास नोकरीवर. दोन वर्षांपूर्वीं वडिलांस कंपवाताचें निदान झालें. घरची जुनी गाडी क्लच व गिअरची. अलीकडे डावा पाय क्लचवरून वेळेवर उठत नाहीं, चौकांत गाडी बंद पडते, मागचे लोक भोंगे वाजवितात. मुलगा दिवाळीस येतो, हें पाहतो आणि ठरवितो कीं बाबांना चालविण्यास सोपी अशी नवी गाडी घेऊन द्यावी. कोणती गाडी सर्वांत सोपी, असें तो चार ठिकाणीं विचारूं लागतो. प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. कारण गाडी आठ-दहा वर्षें टिकावयाची असते, आणि वडिलांचा आजार तितकीं वर्षें आहे तेथेंच थांबणारा नसतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकांत त्यांचेंच नांव रोगास मिळालें. मेंदूच्या एका लहानशा भागांतील पेशी हळूहळू नाश पावतात आणि डोपामिन नांवाचें द्रव्य कमी पडूं लागतें. हालचालीस आरंभ करणें व ती सफाईनें पार पाडणें यांस हें द्रव्य आवश्यक असतें. औषधांनीं ही उणीव पुष्कळ भरून निघते. परंतु पेशींचा नाश थांबविणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं.

घरच्या मंडळींचें लक्ष साहजिकच थरथरणाऱ्या हाताकडे जातें. गंमत अशी कीं, हा कंप बहुधा हात स्वस्थ असतांना दिसतो; हातानें कांहीं धरलें कीं तो पुष्कळदां कमी होतो. स्टिअरिंगवर स्थिर झालेला हात पाहून सर्वांना हायसें वाटतें. परंतु वाहन हांकण्याच्या दृष्टीनें खरी अडचण कंपाची नसून मंदपणाची व ताठरपणाची आहे. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाण्यास किती वेळ घेतो, मान दोन्ही बाजूंस किती वळते, आणि एकाच वेळीं दोन गोष्टींकडे लक्ष किती पुरतें, हे खरे प्रश्न. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें सरकते. पाय अर्धा सेकंद उशिरां पोंचला तर गाडी ८ मीटर अधिक जाते. आणि धानाच्या हंगामांत रस्त्यावर आलेला ट्रॅक्टर व तिच्यामध्यें तेवढें अंतर नेहमींच असतें असें नाहीं.

आतां निवडीकडे वळावें. पहिली गोष्ट क्लचची. डाव्या पायाचें हें काम जितक्या लवकर सुटेल तितकें बरें. म्हणून गाडी आपोआप गिअर बदलणारी हवी. या गाड्याही सर्व एका जातीच्या नाहींत. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर जो स्वस्त प्रकार आपल्याकडे रूढ झाला, त्यांत गिअरपेटी नेहमींचीच असते; क्लच दाबणें व गिअर बदलणें तेवढें यंत्राकडे सोंपविलेलें असतें. किंमत व इंधन यांच्या दृष्टीनें तो चांगला. परंतु गिअर बदलतांना गाडी किंचित् अडखळते आणि चढावर कांहीं गाड्या क्षणभर मागें घसरतात. ज्याच्या शरीरास आधींच तोल सांवरावा लागतो त्यास हे झटके जाचतात. पट्ट्यावर चालणारा सी.व्ही.टी. हा प्रकार किंवा तेलाच्या माध्यमांतून शक्ति पोंचविणारा टॉर्क कन्व्हर्टर अधिक सुरळीत चालतो. विजेच्या मोटारीस क्लच नाहींच आणि गिअर बदलण्याचा प्रश्नही नाहीं. मात्र पाय जरा जोरानें पडला कीं ती एकदम उसळी घेते, म्हणून जींत वेगाची चढण सौम्य करून ठेवतां येते अशीच निवडावी.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. ज्याच्या डाव्या पायास तीस वर्षांची क्लचची संवय आहे, तो पाय नव्या गाडींतही क्लच शोधतो. आणि क्लच समजून रुंद ब्रेकवर दणका बसतो. म्हणून पहिले कांहीं दिवस रिकाम्या मैदानावर, शेजारीं कोणी जाणता बसवून, डावा पाय मागें ठेवण्याचा सराव करावा. नव्या यंत्राची संवय आजार सौम्य असतांना लागते. पुढें ती लावणें कठीण होतें. गाडी बदलावयाची तर अपघाताची वाट न पाहतां आधीं बदलावी, याचें कारण हेंच.

दुसरी गोष्ट हातांची. स्टिअरिंग हलकें असावें, हें उघड आहे. परंतु आजकालच्या गाड्यांत पंखा, थंड हवा, दिवे यांचीं सर्व बटणें एका गुळगुळीत कांचेच्या पडद्यांत घातलेलीं असतात. थरथरणाऱ्या बोटास त्या पडद्यावरील चौकोन नेमका सांपडत नाहीं आणि तेवढ्यांत नजर रस्त्यावरून सुटते. हातास लागतील अशा मोठ्या खुंट्या व बटणें असलेली साधी गाडी येथें अधिक मोलाची. मान वळत नसेल तर मागील बाजूचा कॅमेरा उपयोगी पडतो. मागें घेतांना इशारा देणारें साधन तर जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या मोटारींत सक्तीचेंच आहे. वैशाखांत विदर्भाचा पारा पंचेचाळीसाच्या घरांत जातो, तेव्हां थंड हवेची सोय ही अशा रोग्यास चैन नव्हे.

तिसरी गोष्ट चढण्याउतरण्याची, आणि तिच्याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. बैठक इतकी उंच असावी कीं उभ्या माणसानें मागें टेकलें कीं तो बसला. फार खालच्या मोटारींत तो कोसळतो. फार उंच जीपवजा गाडींत त्यास चढावें लागतें. १९९८ सालीं आलेली सॅन्ट्रो आणि तिच्यामागून आलेली वॅगन आर या उंच बांध्याच्या लहान गाड्या वृद्धांस आवडल्या, त्याचें एक कारण ही बैठकच. दार पुरेसें उघडतें कीं नाहीं, उंबरठा पायास अडतो कीं नाहीं, वर धरण्यास मूठ आहे कीं नाहीं, मागें चाकांची खुर्ची मावते कीं नाहीं, हें सर्व दुकानांतच पाहावें. आणि हें पाहतांना वडिलांस केवळ उजव्या बाजूस बसवून भागणार नाहीं; डाव्या बाजूसही बसवून पाहावें. त्याचें कारण पुढें येईल.

प्रत्येक आजाराची मागणी मात्र वेगळी. स्नायुक्षयाच्या कांहीं प्रकारांत पाय दुबळे होतात, पण हात व बुद्धि पुष्कळदां शाबूत असतात. तेथें हातानें ब्रेक व वेग सांभाळण्याची जोडणी उपयोगी पडते. असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या संमतीनें व्हावा लागतो आणि त्याची नोंद गाडीच्या नोंदणीपत्रांत करावी लागते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्यें थकवा व उष्णता यांनीं दृष्टि आणि शक्ति दोन्ही कमी होऊं शकतात. तेथें दिवसाची वेळ पाहून निघावें लागतें. आणि स्मृतिभ्रंशाच्या रोगांत, जेथें मुळीं निर्णयच ढळतो, तेथें सोप्या गाडीचा शोध हाच चुकीच्या वाटेवरचा शोध होय.

कारण कोणतेंही यंत्र हातापायांचें ओझें हलकें करूं शकतें. रस्ता ओळखण्याचें व निर्णय घेण्याचें ओझें ज्याचें त्यानेंच वाहावयाचें असतें. कंपवातांत औषधाचा अंमल असतांना माणूस एक असतो आणि अंमल उतरला कीं दुसरा असतो. सकाळीं दहा वाजतां उत्तम गाडी हांकणारे वडील दुपारीं एक वाजतां खुर्चीतून उठूंही शकत नाहींत. कांहीं औषधांनीं दिवसा अवचित झोंप येते. तेव्हां गाडीची परीक्षा घेतांना वडिलांची परीक्षाही दोन्ही वेळांस व्हावी, आणि ती मुलानें घेण्यापेक्षां तज्ज्ञ डॉक्टर व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांनीं घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील मनुष्याचा परवाना पांच-पांच वर्षांनीं नवा करावा लागतो. परंतु आजार कायद्याच्या मुदतीस बांधलेला नसतो. म्हणून घरानें स्वतःची मुदत लहान ठेवावी. सहा महिन्यांनीं एकदां पुरे.

या ठिकाणीं संसारांतील खरी कसोटी लागते. मुलगा म्हणतो, 'बाबा, आतां गाडी सोडा.' वडील विचारतात, 'म्हणजे उद्यांपासून तुळशीबागेला कोण नेणार, तूं पुण्याहून येणार आहेस काय?' दोघांचेंही म्हणणें खरें असतें. वडिलांचा प्रश्न गाडीचा नसतो. घराच्या चार भिंतींचा असतो. उत्तर तयार नसतांना किल्ली मागणें हा अन्याय आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत किल्ली राहूं देणें हा रस्त्यावरील परक्या लेकरांवर अन्याय आहे.

यांतून वाट एकच. गाडी घेतांनाच तिचे टप्पे वडिलांच्याच तोंडून ठरवून घ्यावेत. पहिल्यानें रात्रीचें हांकणें सुटेल. मग महामार्ग सुटेल, कारण साकोलीच्या पुढें नवेगांव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यांतून धांवणाऱ्या मालमोटारींच्या रांगेंत चुकीस जागा नसते. मग एकट्यानें जाणें सुटेल. शेवटीं शहरांतील ओळखीच्या दोन रस्त्यांपुरतें उरेल, आणि तेंही एके दिवशीं थांबेल. प्रत्येक टप्प्यास पर्यायही आधींच जोडून ठेवावा: नागपूरच्या फेरीस ठरलेला ड्रायव्हर, बाजारास शेजारचा मुलगा, आणि शक्य तर आईनेंच याच गाडीवर शिकून घेणें. ज्या गाडीस क्लच नाहीं ती साठीच्या बाईसही शिकतां येते. आजारी माणसानें धडधाकट असतांना स्वतः घातलेली मर्यादा त्यास अपमानाची वाटत नाहीं. दुसऱ्यानें अवचित घातलेली मर्यादा जन्मभर सलते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें कंपवातास दिव्यांगत्वाच्या यादींत स्थान दिलें आहे. त्याचें प्रमाणपत्र घेण्यास पुष्कळ वडीलधारे संकोचतात. परंतु तो दयेचा दाखला नसून हक्काचा कागद आहे, हें त्यांस समजावून सांगावें.

अशा रीतीनें पाहिलें म्हणजे डाव्या बाजूची बैठक तपासण्याचें कारण स्पष्ट होतें. जी मोटार आज वडील हांकणार आहेत, तींतच चार-सहा वर्षांनीं ते शेजारीं बसणार आहेत. तेव्हां तिचें दार त्यांच्यासाठीं तितकेंच रुंद उघडलें पाहिजे, बैठक तितकीच सुखाची असली पाहिजे, आणि कोरंभीच्या देवीस किंवा लेकीच्या घरीं जावयाचें झालें तर 'चला' म्हणणारें कोणी तरी उजवीकडे बसलेलें असलें पाहिजे. या दोन्ही बैठकांचा विचार करून घेतलेली गाडीच वडिलांच्या शेवटपर्यंत उपयोगी पडते.