प्रोसेसरची भाषा कोणाच्या मालकीची?



येत्या काळात कोणत्या प्रोसेसर-रचनेचे राज्य येणार, असा एक वाद संगणकक्षेत्रात मोठ्या हिरिरीने चालला आहे. एक पक्ष इंटेल आणि एएमडी यांच्या एक्स-८६ रचनेचा, दुसरा आर्मचा, आणि तिसरा, वयाने सर्वांत लहान, रिस्क-फाइव्हचा. तिन्ही पक्षांचे अभिमानी वेगाचे, विजेच्या बचतीचे आणि किमतीचे आकडे एकमेकांपुढे टाकीत असतात. सामान्य माणसाचा या वादाशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे नवे मीटर या सर्वांच्या पोटात प्रोसेसर असतो. ज्या भाषेत त्याला हुकूम द्यावे लागतात ती भाषा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

प्रथम 'रचना' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावयास हवा. येथे रचना म्हणजे चिपवरील तारांची मांडणी नव्हे. प्रोसेसर ज्या मूलभूत आज्ञा जाणतो (हे दोन आकडे मिळव, ही संख्या तिकडे ठेव, तुलना कर, अमक्या ठिकाणी उडी मार) त्या आज्ञांचा संच म्हणजे रचना. यंत्र बनविणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांच्यामधील हा करार होय. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम-३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा लहानमोठ्या अनेक यंत्रांना एकच आज्ञासंच देऊन हा करार प्रथम ठसठशीतपणे जगापुढे मांडला. करार कायम राहिला तर यंत्र बदलले तरी जुनी आज्ञावली चालते. तो मोडला तर वर्षानुवर्षांचे काम नव्याने करावे लागते.

महाराष्ट्राला हा प्रकार रेल्वेच्या गेजवरून सहज उमगेल. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती आणि कुर्डुवाडीस येणारी मुख्य लाइन साडेपाच फुटी. दोन्ही रुळ भक्कम, दोन्हीकडची इंजिने धडधाकट. पण एकीचा डबा दुसरीवर जाईना, म्हणून माल उतरवून पुन्हा भरणे आले. अरुंद गेज चांगले की रुंद, यावर कितीही वाद घातला तरी हमालाच्या पाठीवरचे ओझे हलके होत नव्हते. एकदा रुळ टाकले, की गेजचा गुणदोष गौण ठरतो आणि टाकलेल्या रुळांची लांबी निर्णायक ठरते.

प्रोसेसरच्या इतिहासाची साक्ष हीच आहे. इंटेलने ८०८६ ही चिप १९७८ मध्ये काढली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात तिचेच स्वस्त भावंड, ८०८८, बसविले. मोटोरोलाची ६८००० ही चिप रचनेने अधिक सुबक आहे, असे अनेक जाणकारांचे मत होते. परंतु ८०८८ वेळेवर मिळत होती आणि तिच्याभोवतीचे सुटे भाग स्वस्त होते. त्या एका व्यापारी निर्णयावर पुढील चार दशकांची इमारत उभी राहिली.

याच सुमारास आयबीएममधील जॉन कॉक, बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी यांनी दाखवून दिले, की थोड्या आणि सोप्या आज्ञांचा प्रोसेसर अवजड आज्ञासंचाच्या प्रोसेसरपेक्षा सरस ठरू शकतो. 'रिस्क' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विचाराला विद्वत्सभेत मान मिळाला. पॅटरसन आणि हेनेसी यांना २०१७ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. तथापि घराघरांतील संगणकांवर एक्स-८६ चे राज्य अढळ राहिले. १९९५ च्या पेंटियम प्रो या चिपमध्ये इंटेलने एक तोड काढली. बाहेरून जुन्या आज्ञा स्वीकारावयाच्या आणि आत त्यांचे लहान, सोप्या क्रियांत रूपांतर करावयाचे. वेष जुना, अंतरंग नवे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे घेऊन निष्कर्ष काढला, की वेग आणि विजेचा खर्च यांतील फरक आज्ञासंचामुळे पडत नाही. तो चिपची अंतर्गत बांधणी कोणत्या हेतूने केली आहे यावर अवलंबून असतो.

स्वतः इंटेललाही ही जुनी चौकट मोडता आली नाही. १९९४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डशी हातमिळवणी करून तिने एक सर्वस्वी नवी रचना हाती घेतली. ती २००१ मध्ये इटेनियम या नावाने बाजारात आली. दरम्यान एएमडीने जुन्याच एक्स-८६ ला ६४ बिटांची जोड दिली आणि २००३ मध्ये तशी चिप विकावयास काढली. ग्राहकांनी जुन्या आज्ञावली चालविणारी वाट पत्करली; इंटेललाही तिच्या मागे जावे लागले. इटेनियमची अखेरची विक्री २०२१ मध्ये संपली. सर्वांत बलाढ्य कंपनीचे भांडवलही लाखो प्रोग्रामरांच्या साठलेल्या श्रमापुढे थिटे पडले, हा या प्रकरणाचा अर्थ आहे.

मग आर्मचा विजय कसा झाला? केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी सिद्ध केलेली ही रचना १९८५ मध्ये प्रथम चिपवर उतरली. ती अत्यल्प विजेवर चाले. १९९० मध्ये आर्म ही स्वतंत्र कंपनी झाली आणि चिपांऐवजी आराखड्यांचे परवाने विकू लागली. मोबाइल फोनचा प्रदेश मोकळा होता. तेथे कोणी रुळ टाकलेले नव्हते. म्हणून आर्मला तेथे आपले गेज टाकता आले. पुढे ती जुन्या प्रदेशातही शिरली. २०२० मध्ये जपानचा फुगाकू हा महासंगणक आर्मच्या बळावर जगात पहिला आला, आणि त्याच वर्षी ॲपलने आपले संगणक इंटेलवरून आर्मवर नेण्यास आरंभ केला. परंतु ॲपलच्या हाती यंत्र, प्रणाली आणि विक्री ही तिन्ही सूत्रे एकवटलेली होती. ती ज्यांच्या हाती नाहीत त्यांना असे स्थलांतर इतके सोपे नाही.

तेव्हा कोणती रचना श्रेष्ठ, हा वाद गौण ठरतो. मुख्य प्रश्न आहे कराराच्या मालकीचा. एक्स-८६ ची चिप कोणी बनवावी, हे व्यवहारात दोन अमेरिकन कंपन्या ठरवितात. आर्मचा परवाना पैसे देऊन मिळतो, पण परवाना देणाऱ्याचा मालक बदलू शकतो. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ती कंपनी विकत घेतली. २०२० मध्ये एनव्हिडियाने ती घेण्याचा घाट घातला आणि अनेक देशांच्या नियामकांच्या विरोधामुळे २०२२ मध्ये तो सोडून दिला. त्याच वर्षी आर्मने क्वालकॉम या आपल्या बड्या ग्राहकावरच परवान्याच्या अटींवरून अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. जेथे क्वालकॉमसारख्या धनाढ्य कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागते, तेथे एखाद्या विद्यापीठाने वा लहान उद्योगाने कोणत्या भरवशावर पाऊल टाकावे?

रिस्क-फाइव्हचे महत्त्व या ठिकाणी आहे. २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात क्रस्ते असानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना आरंभिली. तिचा मूळ आज्ञासंच पन्नासांहूनही कमी आज्ञांचा आहे आणि तो वापरण्यास कोणाची परवानगी वा शुल्क लागत नाही. सार्वजनिक विहिरीवर जसा सर्वांचा हक्क, तसा या भाषेवर. तिची व्यवस्था पाहणारी संस्था २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नोंदविली गेली. कोणा एका देशाच्या राजकारणात ती अडकू नये, हा हेतू. तरीही २०२३ मध्ये काही अमेरिकन लोकप्रतिनिधींनी चीनच्या संदर्भात तिच्यावरही निर्बंध घालण्याची मागणी केलीच.

मात्र येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. विहीर सार्वजनिक असली तरी ज्याच्याजवळ पंप आहे तोच अधिक पाणी उपसतो. भाषा मुक्त आहे म्हणून तिच्यात लिहिलेला आराखडाही मुक्त असेल असे नाही. बड्या कंपन्या मुक्त आज्ञासंच घेऊन त्यावर आपले बंदिस्त प्रोसेसर बांधतात आणि तसे करण्यास मुभाही आहे. आराखडा काढण्याची सॉफ्टवेअर साधने मूठभर कंपन्यांच्या हाती आहेत. अत्यंत सूक्ष्म चिपा मुख्यतः तैवानमध्ये तयार होतात, आणि त्यांस लागणारी अतिनील प्रकाशाची यंत्रे नेदरलँड्समधील एकच कंपनी बनविते. शिवाय प्रत्येकाने आपापल्या आज्ञा जोडल्या तर एका भाषेच्या दहा बोली होऊन मूळ करारच विस्कटण्याची भीती आहे. एक्स-८६ आणि आर्मचे समर्थक या उणिवा दाखवितात, त्यात तथ्य आहे.

पुण्याचा अनुभव या संदर्भात आठवावा. अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी केल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम-८००० सिद्ध झाला. ही कामगिरी गौरवास्पद होती. परंतु त्यातील प्रोसेसर होता ट्रान्सप्युटर, ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा. ती कंपनी १९७८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने सार्वजनिक पैशातून उभी केली. १९८४ मध्ये थॅचर सरकारने ती विकली. १९८९ मध्ये ती पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली आणि ट्रान्सप्युटरचा वंश खुंटला. पुण्याला पुढील यंत्रासाठी सनच्या स्पार्क रचनेकडे वळावे लागले. काही वर्षांनी तीही ओसरली. यंत्र देशी होते, पण त्याच्या भाषेचे भवितव्य सातासमुद्रांपलीकडील विक्रीखतांवर ठरत होते.

भारताने हा धडा काही अंशी घेतला आहे. मद्रासच्या आयआयटीत शक्ती आणि सी-डॅकमध्ये वेगा हे रिस्क-फाइव्हवरील प्रोसेसर तयार झाले. २०१८ मध्ये शक्तीची एक चिप मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडविली गेली. १९८९ च्या आगीत होरपळलेला कारखाना तो हाच. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या कामासाठी स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. पण प्रोसेसर घडला म्हणजे काम संपत नाही. त्याच्यासाठी कंपायलर, प्रणाली, भारतीय भाषांची साधने लिहिणारे हात वर्षानुवर्षे राबावे लागतात, आणि सरकारनेच आपल्या मीटरांत, रेशनच्या यंत्रांत, शाळांच्या संगणकांत तो वापरावा लागतो. सार्वजनिक पैशातून झालेले आराखडे सार्वजनिकच राहिले पाहिजेत. अन्यथा इनमॉसचीच कथा देशी नावाने पुन्हा घडेल.

भवितव्य कोणत्या रचनेचे, याचे उत्तर म्हणून प्रयोगशाळेतील वेगाच्या आकड्यांत मिळणार नाही. बहुधा तिन्ही रचना दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदतील. ज्या रचनेसाठी अधिक माणसे राबतील आणि ज्यांच्या श्रमाचे फळ कोणा एकाला विकून टाकता येणार नाही, तिचा पाया अधिक टिकाऊ. तो श्रम संघटित करावयाचा की परवान्यांच्या रांगेत उभे राहावयाचे, हा निर्णय मात्र तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. तो लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी करावयाचा आहे.