घोड्यावरचं चित्र, पण कोणत्या सालचं?

मागच्या शिवजयंतीला आमच्या बुवापाड्यात पोरांनी घोड्यावरचा देखावा केला. पोशाख आणि हत्यारं ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण काय, तर 'तू कॉम्प्युटरवाला'. मी मोबाईलवर शोधलं, राजा रविवर्म्याचं घोड्यावरच्या महाराजांचं छापील चित्र मिळालं, शिंप्याला फॉरवर्ड केलं. विषय संपला!

संपला नव्हता. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला १८९४ ला. महाराज गेले १६८० मध्ये. मधे दोनशे वर्षं. म्हणजे हे चित्र पुरावा आहेच, पण १८९० च्या आसपास लोक महाराजांना कसं बघत होते, त्याचा.

याउलट ब्रॉटन बघा. हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. १८१३ च्या त्याच्या पुस्तकातली रंगीत चित्रं तिथल्याच एका देशी चित्रकाराच्या कामावरून छापलीत. शिंद्यांचे स्वार दाखवायचे असतील तर भारी. शिवकाळासाठी तीही सव्वाशे वर्षं उशिराची.

आणि चित्रातला माणूस तोच आहे का? एकेकाळी महाराजांचं म्हणून सर्रास छापलं जाणारं चित्र इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं! ते दाखवून दिलं वा. सी. बेंद्र्यांनी, आणि १९३३ मध्ये डच लेखक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं महाराजांचं चित्र लोकांसमोर आणलं. विचार करा, चुकीच्या चित्रावरून किती पोशाख शिवले गेले असतील.

आता माझी आवडती गंमत. जुनी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे. कारागिराने मूळ चित्र जसंच्या तसं कोरलं, की कागदावर ते उलटं उमटतं, सेल्फीसारखं. मग डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते. जाम्याचे बंदही फिरतात, आणि तिथे खरा घोळ होतो. त्या काळी हिंदू सरदार बंद डाव्या काखेखाली बांधायचे, मुसलमान उजव्या. चित्र पलटलं की ओळखच बदलते. आजही बॅनरवाले जागेसाठी चित्र पलटवतातच. मला आलेल्या एका फॉरवर्डमध्ये तलवार उजवीकडेच होती.

शिंप्याने कापड आधीच कापलेलं. तरी बंद डावीकडे घेतले, थोडी बोलणी खाल्ली. तलवारही डाव्या कमरेला लावली. नेमका घोड्यावर बसणारा पोरगा डावखुरा निघाला, मिरवणूकभर तलवार उपसताना त्याची तारांबळ!