फुटलेला पेला आणि लपविलेला पेला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणी स्त्रीशिक्षणावर बोलते, कुणी आरोग्यावर. माझ्या वाट्याला मात्र ‘काचसामानाची निगा’ हा विषय आला. चिटणीसबाई म्हणाल्या, “इतकी वर्षे तुम्ही आपल्या सभागृहाचे कोठीघर सांभाळता, तेव्हा तुम्हीच बोला.” घरी सांगितले तर सगळे हसू लागले. पेले विसळावे कसे यावर भाषण! मलाही हसू आले. पण विचार केला, की आपल्या सभागृहात मुंजी होतात, बारशी होतात, साखरपुडे आणि साठीशांती होतात. दारी आलेल्या पाहुण्याच्या हाती आपण पहिली वस्तू देतो ती पाण्याचा पेला, आणि ती तो थेट ओठाला लावतो. बशीचा टवका उडाला तर ती दिसायला वाईट, इतकेच. पेल्याच्या काठाचा टवका उडाला तर रक्त निघते. तेव्हा विषय लहान असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

रक्त निघते हे मी ऐकीव सांगत नाही. ती हकीकत आधी सांगते, कारण तीत चूक माझी आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी कोठीघर नुकतेच माझ्या हाती आले होते. लग्नसराईत पेले फार फुटत. मी मोठ्या शिस्तीने एक नियम केला, की ज्याच्या हातून पेला फुटेल त्याच्या पगारातून निम्मी किंमत कापायची. नियम लागू झाला आणि काय सांगू, फुटतूट जवळजवळ थांबलीच! तीन महिन्यांत वहीत जेमतेम चार पेले. बैठकीत माझे कौतुक झाले, आणि मीही ते मान डोलावून घेतले.

मग एक मुंज झाली. पन्हे फिरले. बटूच्या आजींनी पेला तोंडाला लावला आणि पदराने ओठ दाबून धरला. मी धावले, तर म्हणाल्या, “काही नाही हो, उन्हाने ओठ फुटलाय.” कार्यात विघ्न नको म्हणून ती माउली खोटे बोलली. पेल्यात उरलेल्या पन्ह्यात मात्र लाल धागा उतरला होता.

त्या रात्री सगळे पेले दिव्यापाशी नेऊन एकेक फिरवून पाहिले. दोनशे चाळीस पेल्यांपैकी एकतीस पेल्यांच्या काठाचे टवके उडालेले होते. सगळे फळीवर मागच्या रांगेत, टवक्याची बाजू भिंतीकडे करून ठेवलेले. भांडी घासणाऱ्या मावशींच्या बोटाला तीन दिवस चिंधी बांधलेली मी पाहिली होती. विचारले नव्हते. आता विचारले. त्या म्हणाल्या, “ताई, सांगितलं असतं तर पैसे कापले असते ना? पोरीच्या फीचे होते ते.”

भगिनींनो, माझ्या नियमाने फुटतूट थांबली नव्हती. ती फक्त वहीतून उठून फळीवर जाऊन बसली होती. फुटलेला पेला केरात जातो आणि त्याचे भय संपते. लपविलेला पेला पाहुण्याच्या ओठापर्यंत जातो. मला आज सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. बाकीच्या गोष्टी त्याच्या पाठोपाठ येतात.

काच आपल्याकडे काही परकी वस्तू नाही. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावला निघाला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर कितीतरी घरांत जळला. वाळू, सोडा आणि चुन्याचा दगड भट्टीत वितळवून साधी काच होते. ती दाबाला फार टणक असते, पण ताणाला दुबळी. आणि फुटायची सुरुवात बहुतेक वेळा वरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून होते. आज पडलेला ओरखडा महिन्याने तडा होतो. म्हणून काल ज्याच्या हातात पेला फुटला, त्याचाच तो दोष असेल असे नाही. अगोदर कुणी तो तारेच्या घासणीने घासला असेल, कुणी दुसऱ्या पेल्यावर आपटला असेल. दंड मात्र शेवटच्या हाताला!

आता धुण्याविषयी. पेले सर्वांत आधी धुवावे, तेलकट पातेल्यांच्या नंतर नव्हे. त्यांची घासणी वेगळी आणि मऊ असावी. राख, वाळू, तारेचा चोथा यांना त्यांच्या जवळपास फिरकू देऊ नये. मोरीच्या दगडी तळाशी जुना टॉवेल अंथरावा. हातातली अंगठी काढून ठेवावी. हिऱ्याच्या खड्याने काचेवर ओरखडा उठतो. दुधाचे पेले प्रथम गार पाण्याने विसळावे. एकदम कढत पाणी घातले तर दूध काचेला चिकटून बसते. आणि एक गोष्ट अगदी कटाक्षाने पाळावी. फेसाच्या घमेल्यात पेले, सुऱ्या आणि चमचे एकत्र बुडवून ठेवू नयेत. फेसाखाली काय फुटले आहे हे हात घालणारीला दिसत नाही. मावशींचे बोट तसेच कापले होते.

पेला खरोखर स्वच्छ झाला की नाही, हे पाणीच सांगते. विसळून पालथा धरला, की स्वच्छ काचेवरून पाणी एकसारखे ओघळते, आणि ओशट काचेवर थेंब थेंब होऊन अडते. आपल्या बोअरचे पाणी जड आहे, त्यामुळे वाळताना पांढरे डाग राहतात. म्हणून निथळल्यावर लगेच धोतराच्या जुन्या, धुवट फडक्याने पुसावे, त्याचे तंतू सुटत नाहीत. पुसताना एका हाताने बूड धरून दुसऱ्याने काठ पिळू नये. डाग पडलेच तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पेला थोडा वेळ ठेवावा. क्षारांचे डाग निघून जातात. तरीही धूसरपणा राहिला तर काचच वरून झिजली आहे असे समजावे. त्यावर उपाय नाही. सोड्याच्या तीव्र पुडीत आणि फार कढत पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्याने असे होते.

पुसतानाच परीक्षा करावी. कुंभाराकडे मडके घेताना आपण वाजवून पाहतो ना? तसाच पेला बोटाच्या नखाने हलकेच वाजवावा. चांगला पेला खणखणीत बोलतो, तडा गेलेला बद्द वाजतो. काठावरून उघडे बोट फिरवू नये, कापसाचा बोळा फिरवावा. टवका असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात.

आता आपल्या मंडळात नेहमी वाद होतो तो प्रश्न. पेले फळीवर पालथे ठेवावे की उताणे? काठ हा पेल्याचा सर्वांत नाजूक भाग, म्हणून नेहमीच्या ठेवणीत पेले उताणे ठेवून वर स्वच्छ कापड झाकावे. धुळीची आणि झुरळांची भीती असेल तिथे पालथे ठेवायला हरकत नाही, पण ते रबरी जाळीवर, खालून हवा खेळेल असे. ओल्या फळीवर पालथा ठेवलेला पेला आतल्या आत कुबट होतो. एकात एक पेले घालू नयेत. त्यासाठीच घडवलेले असतील त्यांची गोष्ट वेगळी. दोन पेले अडकलेच तर ओढाताण करू नये. आतल्यात गार पाणी घालावे आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरावा. आतला किंचित आकसतो, बाहेरचा किंचित फुगतो, आणि अलगद सुटतात.

पावसाळ्यात पेले वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरून माळ्यावर टाकायची आपली जुनी सवय. खोके दमट होते, बुरशीचा वास धरते, आणि ओल धरून राहिल्याने काचेवरही पांढुरकी झाक येते. त्याऐवजी खणांचे प्लास्टिकचे क्रेट घ्यावे, पेले पूर्ण कोरडे करून भरावे, आणि क्रेट कमरेच्या उंचीवर ठेवावे. स्टुलावर चढून काच उतरविणे हे कुणाच्याच हातपायांना परवडणारे नाही.

वाढताना पाच बोटांत पाच पेले घालून नेण्याची ऐट करू नये. काठ काठावर आपटतात, आणि बोटे तर पेल्याच्या आत असतात! तबकात कापड घालून न्यावे. कोजागरीला कढत मसाला दूध गार पेल्यात ओतले की एक-दोन तडकतातच. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची गारच राहते, आणि त्या ओढीत काच फाटते. जाड पेला दणकट दिसतो, पण तोच अधिक तडकतो, कारण उष्णता बाहेरपर्यंत पोचायला वेळ लागतो. आधी पेले कोमट पाण्याने विसळून घ्यावे आणि दूधही जरा निवू द्यावे.

बर्फात पेला बुडवून बर्फ कधी काढू नये, डाव वापरावा. बर्फात फुटलेली काच डोळ्यांना दिसत नाही. बर्फाजवळ किंवा पन्ह्याच्या पातेल्याजवळ पेला फुटला तर सगळा बर्फ, सगळे पन्हे टाकून द्यावे. “गाळून घेऊ या” हा मोह होतो. दहा लिटर पन्हे ओतून देताना माझाही जीव तुटला आहे. पण गाळलेल्या पन्ह्याची खात्री मी कुणाच्या नातवाला देणार?

जमिनीवर फुटले तर आधी पायांत चपला घालाव्या आणि मुलांना दूर करावे. मोठ्या काचा सुपलीत घेतल्यावर ओल्या कागदाने जागा टिपावी. मग दिवा मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरावी, म्हणजे उरलेले कण चमकतात. काचा जाड कागदात किंवा खोक्यात बांधून वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे. केर नेणाऱ्या भावाबहिणींना हात आहेत हे विसरू नये.

आता शेवटचे. मंडळाने नवे पेले घ्यावयाचे ठरविले आहे, आणि फुटतुटीचे पैसे मदतनीस बायकांकडून घ्यावे, अशी एक सूचनाही कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू काटकसरीचा आहे. एके काळी माझाही तोच होता. पण १९३६ चा वेतन कायदा असो, की त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता असो, नोकराच्या स्वाधीन केलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झाले असेल तरच, आणि तेही त्याला आपली बाजू मांडू दिल्यावर, पगारातून कपात करता येते. कायद्याने जे समजते ते आपल्याला मायेने आधीच समजायला हवे.

त्या मुंजीनंतर मी दंड बंद केला आणि फुटतुटीची वही उघडी टांगून ठेवली. ज्याच्या हातून टवका उडेल त्याने पेला त्या वहीखालच्या डब्यात टाकायचा आणि रेघ मारायची. नाव लिहायचे नाही. पहिल्या महिन्यात रेघा इतक्या झाल्या की मीच घाबरले. पण त्या रेघांनीच सांगितले, की निम्मे टवके एकाच फळीवर उडतात. फळीला कड नव्हती. सुताराला बोलावून लाकडी पट्टी मारून घेतली आणि रेघा कमी झाल्या. दंडाने जे झाले नव्हते ते एका पट्टीने केले.

म्हणून माझी विनंती आहे की, नव्या पेल्यांबरोबर वर्षाच्या अंदाजपत्रकात फुटतुटीची रक्कम आधीच धरून ठेवावी, आणि दंडाची सूचना मागे घ्यावी. काच आहे, ती फुटणारच. ती फुटल्याचे आपल्याला मोकळेपणाने सांगता यावे, एवढा विश्वास आपल्या स्वयंपाकघरात असावा. त्या मावशी आज समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची ती मुलगी आता परिचारिका आहे. मुंजीच्या आजींची माफी मी घरी जाऊन मागितली होती. मावशींची मात्र कधी उघडपणे मागितली नव्हती. ती आज सर्वांसमक्ष मागते.

 बाहेर कोकमाचे सरबत तयार आहे. पेले मी स्वतः तपासले आहेत.